प्रश्न उद्भवत नाही

भाऊसाहेबांची मोटारसायकल दारात थांबली तेव्हा सुलक्षणा ओट्याखाली बसून शेवंतीची फुलं क्रेटमध्ये भरत होती. सकाळची तोडणी उरकली होती, टेम्पो अजून यायचा होता. धाकटी सृष्टी शाळेचा ड्रेस घालून, वेणीची रिबन दातात धरून आईला हातभार लावत होती. पाबळच्या रस्त्यावरच्या कातळवाडीत अशा सकाळी रोजच उगवतात.

भाऊसाहेब म्हणजे गावचे ग्रामसेवक. सरकारने त्यांच्या पदाचं नाव बदललं, पण गाव त्यांना भाऊसाहेबच म्हणतं. एरवी कामासाठी शोधावं तर हा माणूस सापडत नसे. आज मात्र हेल्मेटसुद्धा न काढता तो थेट ओट्यावर चढला.

"आबा हायेत का घरात?"

मारुतराव बाहेर आले. सुलक्षणाचे सासरे, गावचे माजी सरपंच, सोसायटीचे माजी चेअरमन. त्यांच्या शब्दाबाहेर घरातलं पान हलत नसे. "या भाऊसाहेब. सकाळ सकाळी कसं काय?"

"विधान परिषदेतून प्रश्न आलाय, आबा." भाऊसाहेबांनी कपाळाचा घाम पुसला. "कुणा आमदार बाईंनी विचारलाय. शिरूर-दौंडला शाळकरी पोरींची लग्नं लावत्यात, त्यातली एक पोरगी पोटुशी असताना मेली, हे खरं हाय का म्हणून. अधिवेशन चालू हाय. संध्याकाळच्या आत माहिती वर गेली पाहिजे, तालुक्यावरनं फोनवर फोन येत्यात."

फुलांत गेलेला सुलक्षणाचा हात तिथेच थांबला.

"पोरीचं नाव हाय का त्यात?" मारुतरावांनी विचारलं.

"नाव न्हाई. गावाचं नाव हाय, कातळवाडी."

"मग घाबरताय कशाला? लिवा. आमच्या गावात असलं लग्न झालंच न्हाई."

"तसं लिवतोच. पण घरच्यांचा जबाब जोडावा लागंल. पोरगी सज्ञान हुती, आजारपणानं गेली, एवढंच. रोहिदासची सही हवी."

रोहिदास, सुलक्षणाचा नवरा, गोठ्यातून हात पुसत आला. बापाने पेन पुढे केलं. त्याने एकदा फुलांच्या क्रेटकडे, म्हणजे बायकोकडे पाहिलं आणि मान खाली घालून सही केली. आपल्याच मेलेल्या लेकीच्या वयावर त्याने सही केली.

"सुनबाई, चहा टाका," मारुतराव म्हणाले.

सुलक्षणाने चहा टाकला. कप हातात घेताना भाऊसाहेब ओशाळं हसले, "वैनी, साखर कमीच ना?" याच माणसाने त्या गेलेल्या लेकीच्या, अक्षदाच्या लग्नात पंगतीला बसून दुसऱ्यांदा जिलेबी मागून घेतली होती. कायद्याने गावातला बालविवाह थांबवायची जबाबदारी ज्याच्यावर टाकली आहे, तो अधिकारी हाच. एका आमदाराने मंत्र्याला विचारलेला प्रश्न मंत्रालयातून आयुक्तालयात गेला, तिथून जिल्ह्याला, जिल्ह्यातून तालुक्याला, आणि गडगडत येऊन पडला तो याच्या पुढ्यात. ज्याने गुन्हा होऊ दिला त्यालाच गुन्हा झाला का म्हणून विचारायचं, आणि तो जे सांगेल ते मंत्र्याने सही करून सभागृहाला द्यायचं. राज्यकारभाराची ही रीत ज्यांना ठाऊक नाही, त्यांनी ती या ओट्यावर येऊन पाहावी.

अक्षदा ही सुलक्षणाची थोरली. पाबळच्या शाळेत दहावीला होती. शाळेत आठवड्यातून एक दिवस वर्कशॉपचा असे. त्यात ही पोरगी इतकी रमायची की घरी आली तरी हातात टेस्टर. फवारणीचा पंप बंद पडला तर रोहिदास मेकॅनिककडे न जाता लेकीला हाक मारायचा. ती पंप उघडून बसायची आणि बाप शेजारी उकिडवा बसून बघत राहायचा. "आई, मी आयटीआयला जाणार हाय," असं ती भाकरी खाता खाता सांगायची, जणू कुणी अडवणारच नव्हतं.

पण शेजारच्या वस्तीवरची एक मुलगी शिक्रापूरला खोली घेऊन राहणाऱ्या कंपनीतल्या पोराबरोबर निघून गेली, आणि मारुतरावांच्या डोक्यात भीतीने घर केलं. भीती नातीसाठी नव्हती. चावडीवर आपल्याकडे बघून कुणी हसेल, ही होती. त्याच सुमारास दौंड तालुक्यातून, कुरकुंभच्या अलीकडच्या एका वाडीतून, जालिंदर आप्पांचं स्थळ आलं. कारखान्याच्या राजकारणात वजन असलेला माणूस. त्यांचा मुलगा विश्वजीत कंपन्यांना कामगार पुरवायचा.

"दहावीची परीक्षा तरी होऊ द्या, आबा," सुलक्षणा म्हणाली होती.

"परीक्षा देऊन कलेक्टर व्हणार हाय का ती? चांगलं घर चालून आलंय."

लग्न लपूनछपून झालं नाही, हे नीट ध्यानात घ्या. भर दुपारी झालं. रस्त्याला लागून मांडव, दोन गावं पंगतीला. पोलीस पाटील आले, पंचायत समितीचे सदस्य आले, शाळेतले सर आले. अंगणवाडीच्या बाईंनी रुखवत मांडायला मदत केली. मान्यवरांना फेटे बांधले, नावं पुकारून सत्कार केले. बोहल्यावर एक मूल उभं आहे हे सगळ्यांना दिसत होतं, आणि अक्षता सगळ्यांनी टाकल्या.

पुढचं फार थोडं आहे. अक्षदाला दिवस गेले. पाय सुजले, डोकं ठणकायला लागलं. "आई, डोळ्यापुढं काजवे चमकत्यात," ती फोनवर म्हणाली. सुलक्षणाने तिच्या सासूला विनवलं की आजच्या आज दवाखान्यात न्या. सासू म्हणाली, "तिथं आधार कार्ड मागत्यात. वय बघितलं की पोलिसांना कळवत्यात. विश्वजीतला आत बसवायचं हाय का?" म्हणून पोरीला घरात ठेवलं. झटके यायला लागले तेव्हा जवळचा दवाखाना मागे टाकून तिला दूरच्या एका खाजगी दवाखान्यात नेलं, जिथे कुणी फारसं विचारणार नव्हतं. वय एकोणीस सांगितलं. पोर आणि पोटातलं बाळ, दोन्ही तिथे संपली. नवऱ्याला वाचवायचं म्हणून बायकोला मरू दिलं. आणि वर सगळ्यांनी म्हटलं, देवाची मर्जी.

जबाबावर सही झाल्याला आठवडा झाला नसेल, तोच जालिंदर आप्पा येऊन गेले. ते गेल्यावर मारुतरावांनी जेवता जेवता सांगितलं, "पुढल्या बेस्तरवारी सुपारी फोडायची. विश्वजीतचं घर उघडं पडलंय. सोयरीक तुटायला नको. सृष्टीला द्यायचं ठरलंय."

सुलक्षणाने भाताचा वाडगा खाली ठेवला. "सृष्टी नववीत हाय, आबा."

"मग? अक्षदा बी दहावीतच हुती."

"आन् ती मेली."

"नशीब ज्याचं त्याचं," मारुतराव म्हणाले आणि त्यांनी ताक मागितलं.

रोहिदास ताटाकडे बघत होता. दाराआड सृष्टी उभी होती. तिने ऐकलं होतं. ती रडली नाही, ओरडली नाही. संध्याकाळी मात्र तिने आईला विचारलं, "आई, मला पण तसंच व्हईल का?" सुलक्षणा तिच्या वेणीची रिबन सोडू लागली. सासूबाई, दगडाबाई, चुलीशी बसल्या होत्या. अकराव्या वर्षी लग्न होऊन या घरात आलेली बाई. त्यांनी नातीकडे पाहिलं आणि नजर वळवली.

दुसऱ्या दिवशी सुलक्षणा पाबळला गेली. शाळेच्या बाईंना सांगावं, काहीतरी तोड निघते का बघावं, एवढंच मनात होतं. फाट्यावर ज्ञानेशने तिला हाक मारली. हा तरुण झेरॉक्सचं दुकान चालवायचा आणि एका वर्तमानपत्राला तालुक्याच्या बातम्या द्यायचा. अक्षदा गेली तेव्हा नाव न घालता चार ओळींची बातमी त्यानेच दिली होती. ती वाचूनच मुंबईत एका आमदार बाईंनी प्रश्न टाकला होता.

"काकू, उत्तर आलंय," तो म्हणाला. "दाखवू का नको, असं झालंय मला."

त्याने मोबाइल पुढे केला. सुलक्षणाने स्वतः वाचलं. कातळवाडी येथील अल्पवयीन मुलीचा विवाह दौंड तालुक्यात लावून देण्यात आला व गरोदरपणात तिचा मृत्यू झाला, हे खरे आहे काय? असल्यास, संबंधितांवर कोणती कारवाई करण्यात आली? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

खाली उत्तर होतं. एक, हे खरे नाही. दोन व तीन, प्रश्न उद्भवत नाही.

आणि खाली मंत्र्यांचं नाव.

"प्रश्न उद्भवत न्हाई म्हंजी काय रं, ज्ञानेश?"

ज्ञानेश चाचरला. "म्हणजे... पहिलंच खरं न्हाई म्हटल्यावर पुढचं विचारायचं कारणच राहत न्हाई, असं."

"म्हंजी माझी पोरगी मेलीच न्हाई?"

ज्ञानेशने मोबाइल खिशात घातला. फाट्यावर माणसांची ये-जा चालू होती, शिक्रापूरकडे जाणारे कंटेनर धूळ उडवत होते. सुलक्षणाच्या अंगात जे उसळलं त्याला दुःख म्हणता येणार नाही. दुःख तिने भोगून पचवलं होतं. हा संताप होता, आणि इतके दिवस तो नशिबाच्या नावाखाली दाबून ठेवलेला होता. घरात लेकीला मारलं, कागदावर तिचं वय मारलं, आणि आता राज्याच्या वरिष्ठ सभागृहात सांगितलं की ती नव्हतीच. या तिन्ही गोष्टी एकाच माळेतल्या होत्या, आणि शेवटचं खोटं टिकलं तर सृष्टीलाही कुणी विचारणार नव्हतं.

"ह्या आमदार बाईंचा फोन लाव," ती म्हणाली.

अनुपमाताई दुसऱ्या जिल्ह्यातल्या. विधान परिषदेत विरोधी बाकांवर बसणाऱ्या. त्यांनी फोनवर गोड बोलून वेळ मारून नेली नाही.

"सुलक्षणाबाई, मी प्रश्न टाकला तेव्हा माझ्या हातात फक्त बातमीचं कात्रण होतं. सरकार खोटं बोलतंय हे मला कळतं, पण कळून उपयोग नाही. मला सिद्ध करता आलं पाहिजे. सभागृहात लेखी दिलेलं उत्तर खोटं निघालं तर मंत्र्याला जागेवर उभं राहून खुलासा करावा लागतो. त्यासाठी मला माणूस हवा. समोर येऊन नावानिशी सांगणारा."

"मी हाय की."

"थांबा. आधी नीट ऐका. तुम्ही बोललात की गुन्हा दाखल होईल. मुलावर, त्याच्या आईबापावर, तुमच्या सासऱ्यांवर, नवऱ्यावर. आई म्हणून तुमचंही नाव येऊ शकतं. गाव तुम्हाला जगू देणार नाही."

"ताई, गावानं माझ्या लेकीला जगू दिली का?"

मग अनुपमाताई म्हणाल्या, "आधी धाकटीला सोडवा. चाइल्डलाइनला, मुलांच्या मदतीच्या १०९८ नंबरवर फोन करा, मी इकडून वरिष्ठांशी बोलते. पण गाडी येईपर्यंत तुम्हाला एकटीला उभं राहावं लागेल."

गुरुवारी अंगणात सतरंज्या पसरल्या. जालिंदर आप्पा, विश्वजीत, दोन्हीकडचे भाऊबंद, मानाची माणसं. भाऊसाहेबही आले होते. बोलावणं होतं आणि मारुतरावांना नाही म्हणायची त्यांची छाती नव्हती. सृष्टीला साडी नेसवायला शेजारच्या बायका आत गेल्या, तर ती शाळेच्या ड्रेसमध्ये खांबाला धरून उभी. "मी न्हाई नेसणार," एवढंच म्हणत होती.

"पोरीला बाहेर आणा," मारुतरावांनी आवाज दिला.

बाहेर आली ती सुलक्षणा. डोक्यावर पदर होता, पण नजर खाली नव्हती. सतरंजीच्या कडेला येऊन ती उभी राहिली.

"सुपारी फोडायच्या आधी मला इचारायचं हाय," ती म्हणाली. "हितं बसलेल्या सगळ्यांना."

"आत जा," मारुतराव म्हणाले.

"जाते. पण सरकारला प्रश्न आला तवा मला कुणी इचारलं न्हाई. आज मी इचारते." ती भाऊसाहेबांकडे वळली. "भाऊसाहेब, ह्या दारात मांडव घालून माझ्या अक्षदाचं लग्न लावलं, ती दहावीत हुती, हे खरं हाय का?"

भाऊसाहेबांनी खिशातला मोबाइल काढून उगाच पाहिला.

"पाटील, तुमचा सत्कार केला आम्ही त्या लग्नात. तुमच्या फेट्याचा रंग अजून माझ्या ध्यानात हाय. हे खरं हाय का?"

पोलीस पाटील घसा खाकरून सतरंजीचं टोक सरळ करू लागले.

"जालिंदर आप्पा, पोर झटक्यानं तडफडत हुती, आन् तुम्ही वय कळंल म्हणून जवळच्या दवाखान्यात नेली न्हाई. हे खरं हाय का?"

"रोहिदास!" जालिंदर आप्पा गरजले. "बायकोला आवर घाल. भाऊबंदात इज्जत काढायला बोलावलं का आम्हाला?"

रोहिदास उठला नाही. सुलक्षणाने त्याला काही विचारलं नाही. तिने सगळ्या सतरंजीवरून नजर फिरवली. दोन्ही गावची शहाणी माणसं बसली होती. सगळ्यांनी पाहिलेलं, सगळ्यांनी जेवलेलं, आणि एकाच्याही तोंडातून शब्द फुटेना.

"व्हय. खरं हाय."

आवाज दारातून आला. दगडाबाई उंबऱ्यावर उभ्या होत्या. सत्तरी ओलांडलेली ती बाई भाऊबंदांच्या बैठकीत आजवर कधी बोलली नव्हती.

"खरं हाय," त्या परत म्हणाल्या. "माझ्या हातानं मी पोरीला हळद लावली. तिची छाती बी भरली नव्हती. मी बघितलं आन् गप बसले. माझंबी असंच झालं हुतं, तवा बी सगळी गपच हुती."

"म्हातारे, तुला कळतं का काय बोलतीस?" मारुतराव ताडकन उठले.

"आत्ता कळाया लागलंय." दगडाबाईंनी सृष्टीचा हात धरून तिला आपल्यामागे घेतलं. "ह्या पोरीला हात लावायचा तर आधी मला बाहेर काढा."

विश्वजीत उठून पायात चप्पल सरकवू लागला. "चला आप्पा, तमाशा झाला." पण गल्लीच्या तोंडाशी पोलिसांची जीप वळली होती, तिच्यामागे चाइल्डलाइनची गाडी. भाऊबंदांतली निम्मी माणसं जीप थांबायच्या आत परसातून पसार झाली. मघाशी ज्यांच्यात इज्जत जाते म्हणून ओरड झाली, तेच हे भाऊबंद.

त्याच दुपारी सुलक्षणाने शिरूरला जाऊन जबाब दिला. शाळेच्या बाईंनी अक्षदाच्या जन्मतारखेचा दाखला दिला. जबाब घेणाऱ्याने विचारलं, "बाई, यात तुमच्या नवऱ्याचंही नाव येतंय. घालू ना?" ती म्हणाली, "घाला. आन् लग्नात मी बी उभी हुते, ते बी घाला."

अनुपमाताईंचं बोलणं खरं ठरलं. मारुतराव, रोहिदास, जालिंदर आप्पा आणि विश्वजीत यांना अटक झाली, मग जामीन झाला. गावाने सुलक्षणाशी बोलणं टाकलं. तोडणीला बाया येईनात. संक्रांतीला तिच्या दारात कुणी वाण घेऊन आलं नाही आणि तिला कुणी बोलावलंही नाही. मारुतराव सुनेच्या हातचं पाणी पिईनात. दगडाबाई म्हणाल्या, "नका पिऊ. माठ तिकडं हाय, स्वतः घ्या." आणि सृष्टी रोज शाळेत जात राहिली.

पुढच्या अधिवेशनात अनुपमाताईंनी पुन्हा प्रश्न टाकला. या वेळी गावाच्या नावाबरोबर मुलीचा वर्ग होता, गुन्हा नोंदल्याची तारीख होती, आणि एक जास्तीचा प्रश्न होता: मागील अधिवेशनात सभागृहास 'हे खरे नाही' असे उत्तर देण्यात आले, त्यास जबाबदार कोण? सुलक्षणा त्या दिवशी प्रेक्षक सज्जात बसली होती. खाली मंत्री उभे राहिले. अधिकाऱ्यांनी मागून पुढे केलेल्या चिठ्ठ्या वाचत होते. चूक खालून आलेल्या माहितीमुळे झाली, संबंधित ग्रामसेवकाला निलंबित केले आहे, असं ते म्हणाले. अनुपमाताई पुन्हा उभ्या राहिल्या. खालून आलेली माहिती तपासली कुणी? तालुक्यावर कुणी? जिल्ह्यावर कुणी? आपण सही केली ती वाचून केली की न वाचता? मंत्री पुढची चिठ्ठी शोधू लागले. समोरच्या बाकांवरून आवाज उठला. शेवटी त्यांना कबूल करावं लागलं की तालुका आणि जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांचीही चौकशी होईल, आणि यापुढे ज्या गावात असा विवाह होईल तिथल्या ग्रामसेवकाला व्यक्तिशः जबाबदार धरलं जाईल. हे आश्वासन कामकाजात नोंदलं गेलं.

बाहेर आल्यावर अनुपमाताईंनी छापील उत्तर तिच्या हातात दिलं. त्यावर होतं: हे अंशतः खरे आहे.

सुलक्षणाने ते वाचलं. "ताई, अंशतः म्हंजी?"

"थोडं खरं. काही भाग खरा."

"कुठला भाग?" तिचा आवाज चढला. "माझी पोरगी काय थोडी मेली व्हय?"

जवळून जाणारे दोघे-तिघे वळून बघू लागले. अनुपमाताईंनी कागद परत घेतला, घडी घातली. "पुढच्या अधिवेशनात 'अंशतः' का, ते विचारते," त्या म्हणाल्या. "हे लोक एकदम खरं बोलत नाहीत. त्यांच्याकडून ते एकेक शब्द काढून घ्यावं लागतं. मला कंटाळा येणार नाही. तुम्हाला येऊ देऊ नका."

चैत्रात जालिंदर आप्पांच्या वाडीतून एका बाईचा फोन आला. अक्षदाची तिथली शेजारीण होती ती, दबक्या आवाजात बोलत होती. "विश्वजीतला परत हळद लागलीया. आज दुपारचं लग्न हाय. पोरगी पंधराची बी नसंल. गरिबाची हाय, आई न्हाई तिला."

खटला चालू, माणूस जामिनावर, आणि मांडव पुन्हा उभा. सुलक्षणाने त्या वाडीच्या ग्रामसेवकाचा नंबर मिळवून फोन लावला.

"माझ्याकडं तक्रार आली न्हाई बाई," तो म्हणाला.

"आत्ता आली. मंत्री सभागृहात काय बोललेत ते ठावं हाय ना? व्यक्तिशः जबाबदार. गावाच्या नावाबरोबर तुमचं नाव घालून प्रश्न जाईल. आमचे भाऊसाहेब आज घरी बसलेत, त्यांना इचारा कसं वाटतंय."

"येतो, येतो. पोलिसांना कळवतो. तुम्ही कोण बोलताय?"

ती फोन ठेवून बाहेर आली. रोहिदास टेम्पोजवळ उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. त्या सहीनंतर नवरा-बायकोत कामापलीकडे बोलणं उरलं नव्हतं. तो टेम्पोत बसला, चालू केला आणि बाजूचं दार आतून उघडून दिलं. टेम्पो दौंडच्या रस्त्याला लागला. मग समोर बघतच तो म्हणाला, "कोर्टात मी खरं सांगणार हाय. आबा काय बी म्हणू देत."

ती पोचली तेव्हा ग्रामसेवक आणि पोलीस आधीच आले होते. बँडवाले ड्रम गाडीत चढवत होते. विश्वजीत पोलिसांच्या जीपमध्ये बसलेला होता. जालिंदर आप्पा कुणाला तरी फोन लावत होते आणि तिकडून फोन उचलला जात नव्हता.

आतल्या खोलीत नवरी एकटी होती. अंगाला हळद, कपाळाला मुंडावळ्या, पाय जेमतेम पाटाबाहेर आलेले. सुलक्षणाला पाहून ती अंग चोरून बसली.

"माझं लग्न मोडलं का?"

"व्हय."

"आता लोक काय म्हणतील?" तिने पदर गच्च धरला. "तुम्ही कोण?"

"मी अक्षदाची आई."

पोरीच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. "कोण अक्षदा?"

तिला कुणी सांगितलंच नव्हतं. याच घरात, कदाचित याच खोलीत, तिच्याआधी एक मुलगी होती, हे सांगायची कुणाला गरज वाटली नव्हती. सुलक्षणाने पुढे होऊन त्या पोरीच्या कपाळावरच्या मुंडावळ्या सोडल्या. दारात ग्रामसेवक घुटमळत उभा होता.

"आत या," ती त्याला म्हणाली. "खाली बसा आन् लिवून घ्या. एक शब्द गाळू नका."

मग ती पाटाशेजारी टेकली, पोरीचा हात हातात घेतला आणि पहिल्यापासून सांगू लागली.